खिंडीतला न्यूट्रल

शाळेला उशीर झाला की सर एकच कारण सांगत: न्यूट्रल लागला नाही.

हेडमास्तरांना पहिल्यांदा ती चेष्टा वाटली. ते स्वतः कधी चेष्टा करत नसल्यामुळे दुसऱ्याची ओळखायला त्यांना वेळ लागे, आणि ओळखली की राग येई. त्यांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. सर सातवीच्या वर्गाला समजावतात तसं समजावू लागले. मोटरसायकलच्या पहिल्या आणि दुसऱ्या गिअरच्या मध्ये एक जागा असते. तिथे इंजिन चालू असतं, पण चाकाशी त्याचा संबंध नसतो. गाडी त्या जागी आली की समोर हिरवा दिवा लागतो. खिंडीत तो दिवा लागल्याशिवाय मला पुढे येता येत नाही.

"अहो, पण पुढे यायला गिअर लागतो. न्यूट्रलमध्ये गाडी उभी राहते," हेडमास्तर म्हणाले.

"बरोबर," सर म्हणाले. "म्हणूनच उशीर होतो."

हेडमास्तरांनी पुन्हा विषय काढला नाही. मुलांनी मात्र त्या दिवसापासून त्यांना न्यूट्रल सर म्हणायला सुरुवात केली. सरांनी ते नाव ऐकलं, विचार केला आणि हरकत घेतली नाही.

मी मराठी शिकवायचो, ते विज्ञान. दोघंही राहायला शहापुरात. शाळा मुरबाडकडची, टोकावड्याच्या अलीकडे. किन्हवली, सरळगाव असा तो रस्ता मी काही वर्षं त्यांच्या मागे बसून पाहिला, म्हणजे मुख्यतः त्यांची पाठ पाहिली. रुंद पाठ, कडक इस्त्री, आणि हेल्मेटमधून येणारा कापराचा वास. कापूर कशाला, तर डोकं थंड राहतं. गाडी चालवताना ते बोलत नसत. किन्हवलीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शाळेच्या फाटकात मिळे, तेही मध्ये काहीच घडलं नसल्यासारखं. पहिले काही दिवस मला वाटायचं, हे माझ्याशी नाही, फाटकाशी बोलतायत.

गाडी जुनी होती आणि तिचा तो हिरवा दिवा पक्का लबाड. थंडीत लागायचा नाही. इंजिन तापलं की नको तेव्हा लागायचा. गाडी पहिल्या गिअरमध्ये असली तरी हिरवा, खरोखर मोकळी असली तरी विझलेला. इंजिनाच्या पोटात एक लहानसा स्विच असतो, त्याच्यावर मळ बसला की असं होतं, हे कुठलाही गॅरेजवाला सांगेल. शहापूरच्या गॅरेजवाल्याने सांगितलंही. सरांनी स्विच बदलू दिला नाही.

"यंत्राला खोटं बोलायचं कारण काय?" हा त्यांचा आवडता प्रश्न होता. माणसाला कारणं असतात. भीती असते, लाज असते, बढती असते. दिव्याला यातलं काही नाही. मग अविश्वास दिव्यावर का?

हा प्रश्न ते प्रयोगशाळेतही विचारत. एकदा पाणी खळखळून उकळत होतं आणि थर्मामीटर शंभरापर्यंत जायला तयार नव्हता. मुलांनी पुस्तकात पाहून शंभर लिहिलं. सरांनी सगळ्यांना खोडायला लावलं. जे दिसलं ते लिहा.

एक मुलगी म्हणाली, "सर, थर्मामीटर बिघडला असंल."

"आणि पाणी बिघडलं नसेल कशावरून?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. मी व्हरांड्यात उभा होतो. त्या पाण्याकडे ते ज्या नजरेने पाहत होते, तशा नजरेने पाण्याकडे कुणी पाहताना मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं.

आता खिंडीबद्दल. किन्हवली सोडल्यावर रस्ता दोन बुटक्या टेकड्यांच्या मधून चढतो आणि लगेच उतरतो. खिंड म्हणायला उगाच मोठेपणा. पण तिथे गेलं की आवाज कमी होतात. वारा असला तरी पानं वाजत नाहीत, आणि इंजिनाचा आवाज आपल्या गाडीचा नसून मागून येणाऱ्या कुणाचा तरी आहे असं वाटतं. चढाच्या माथ्याशी वाघोबा आहे. शेंदूर लावलेला दगड, त्यावर वाघ कोरलेला, वर सूर्य आणि चंद्र. वाघाचे डोळे शेंदराखाली कधीच बुजलेत. तरी आपण कुठे उभे आहोत हे त्याला माहीत असावं असं वाटत राहतं.

सरांच्या गावच्या लोकांची तिथे एक जुनी रीत होती. भाताच्या गाड्या घेऊन जाताना वाघोबापाशी थांबायचं, बैलांच्या मानेवरचं जू उतरवायचं, त्यांना थोडा वेळ मोकळं उभं करायचं, हात जोडायचे, मग पुन्हा जुंपून पुढे जायचं. कारण साधं होतं. जुवाखालच्या जिवाला पळता येत नाही, म्हणून तो आयताच वाघाचा. मोकळा केला की तो आपला आपण होतो, आणि वाघोबा देव असल्यामुळे मोकळ्या जिवामागे धावत नाही. सरांच्या वडिलांनी जन्मभर हे पाळलं. गावात बैल संपले, मोटरसायकली आल्या, तशी रीतही गाडीवर चढली. वाघोबापाशी गाडी न्यूट्रल करायची. बहुतेक जण चालत्या गाडीचा क्लच दाबून देवाला फसवायचे. सर नाही. त्यांना दिवा लागायला हवा होता.

"तुम्ही विज्ञानाचे शिक्षक," मी पहिल्याच आठवड्यात म्हणालो. "हे काय?"

उत्तर शाळेच्या फाटकात मिळालं. "मी श्रद्धेवर सोडत नाही, म्हणून तर दिवा बघतो."

खरी भीतीची गोष्ट पुढेच होती. दिवा लागला की सर हँडलवरचे दोन्ही हात सोडत आणि जोडत. क्लच हळू सोडून अंदाज घेणं वगैरे नाही. दिव्याने सांगितलं ना, मग विषय संपला. दिवा खरं बोलत असला तर गाडी शांत उभी राही. खोटं बोलत असला तर आम्ही दोघं वाघोबाच्या दिशेने उडी मारत असू. अशाच एका उडीत सरांचा पुढचा दात गेला. तेव्हापासून दिव्यासाठी थांबलो की मी उतरून बाजूला उभा राही. सर त्याला माझा भित्रेपणा म्हणत, आणि ते बरोबर होतं.

खिंडीत एक म्हातारी शेळ्या चारायची. आमची कसरत हा तिचा सकाळचा कार्यक्रम होता. सर गाडी पुढे-मागे ढकलत, पायाने गिअर चाचपत, दिवा लागत नसे.

"मास्तर, झोपला काय वो दिवा तुमचा?"

"येईल, येईल."

"आमचं बैल बरं व्हतं. जू काढलं का निघालं. त्यांना इचारायला नाय लागायचं."

मग माझ्याकडे वळून, "तू काय रे बाजूला हुबा? तुला वाघ नाय धरायचा. तू हाडकुळा हाय."

हे असं किती वर्षं चाललं असतं कोण जाणे. पण शाळेत विज्ञान प्रदर्शन ठरलं, उद्घाटनाला शिक्षण खात्यातले एक साहेब यायचे होते, आणि साहेबांची जीप किन्हवलीला बंद पडली. सरांना फोन आला. मला एसटीने जायला सांगून सरांनी साहेबांना मागे बसवलं. साहेबांच्या खिशात भाषण होतं. विषय वैज्ञानिक दृष्टिकोन.

पुढचं मला दोघांकडून कळलं, सरांकडून आणि म्हातारीकडून, आणि दोघांचं जुळतं. खिंडीच्या चढावर सरांनी गाडी हळू केली. साहेबांनी विचारलं, का. सरांनी सांगितलं. साहेब म्हणाले, "तुम्ही विज्ञान शिक्षक ना? चला पुढे. मला पाहायचंय काय होतं ते." सरांनी आयुष्यात पहिल्यांदा वाघोबासमोरून जुंपलेली गाडी नेली.

आणि दिवा लागला. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढत होती, इंजिन ओढत होतं, आणि समोर हिरवा दिवा स्वच्छ, न लुकलुकता पेटलेला होता. वाघोबा मागे पडला, उतार संपला, तेव्हा तो विझला.

प्रदर्शन छान झालं. साहेबांचं भाषण लांबलं. साहेबांना पुढेही काही झालं नाही. त्यांना बढती मिळाली.

संध्याकाळी परत येताना सर खिंडीत नेहमीसारखे थांबले, दिवा लावून घेतला, पण हात जोडल्यावर गाडीवरून उतरले आणि दगडासमोर उकिडवे बसले. मी म्हटलं, स्विचचा मळ. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"दिवा सांगत होता की गाडी मोकळी आहे. यंत्राला खोटं बोलायचं कारण नाही. पण काहीतरी ओढत तर होतं. मग सांग, गाडी मोकळी होती, तर जुंपलेलं काय होतं?"



त्यानंतर महिन्याभरात त्यांना डाव्या पायाचं काही कळेनासं झालं. गिअरचा पाय तो. चप्पल निसटून पडली तरी पत्ता नसे, एकदा वर्गात एका पायाने अनवाणी शिकवत होते आणि मुलांनी दाखवल्यावर खाली बघून म्हणाले, "हो का." साखर खूप आधीपासून होती, पथ्य कधीच नव्हतं, आणि पाय असे बधिर होतात हे डॉक्टरने चित्र काढून दाखवलं. सरांनी ते चित्र नीट पाहिलं, बरोबर आहे म्हणाले, गोळ्या घेतल्या. मला मात्र गाडीला टेकून, पगाराची तारीख सांगावी तितक्या सहज सांगितलं, "पाय खिंडीत राहिलाय. हा नुसता दिसायला आहे."

आता दिव्याशिवाय त्यांना इलाजच राहिला नाही. गिअर पडला की नाही हे बाकीच्यांना पाय सांगतो. त्यांना फक्त दिवा सांगू शकत होता, आणि तो तर असा. त्यांची मुलगी पुण्याला नोकरीला होती. तिला हे कळलं तशी ती येऊन भांडली, गाडी बंद करा म्हणाली. सर म्हणाले, गाडी बंद केली तर मी घरात बसून काय बघू? शेवटी तिने तिच्या परीने मधला मार्ग काढला आणि नवी मोटरसायकल दारात आणून उभी केली. तिच्यात सगळं होतं. जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकत नसे, ओल्या रस्त्यावर घसरायला लागली तर गाडी स्वतःच जोर कमी करी, चढावर थांबलं तर आपोआप धरून ठेवी, आणि समोरच्या पडद्यावर कुठला गिअर आहे त्याचा ठळक आकडा दिसे. "बाबा, आता तुम्हाला पायाने काही कळायची गरज नाही," ती म्हणाली. "सगळं पडद्यावर आहे."

जुनी गाडी सरांनी मला दिली. "दोन दिवे मला झेपायचे नाहीत." मी तोवर कधी मोटरसायकल चालवली नव्हती. चावी घेतली, गाडी माझ्या घरामागे उभी केली आणि सुट्टीच्या दिवशी आटगावच्या रस्त्यावर थोडीथोडी शिकू लागलो. शाळेला मात्र सरांच्या मागेच.

नव्या गाडीवर न्यूट्रल एका झटक्यात लागायचा. पडद्यावर अक्षर येई, सर हात जोडत, आम्ही निघत असू. शाळेला उशीर होईनासा झाला. हेडमास्तर खूश झाले. सर उदास.

"हा फार लवकर हो म्हणतो," ते म्हणाले. "जुना विचारून येत होता."

म्हातारीलाही करमेना. "आता कायच नाय बघायला," ती म्हणाली आणि शेळ्या घेऊन वरच्या अंगाला गेली. म्हणून ते घडलं तेव्हा खिंडीत आम्ही दोघंच होतो.

श्रावणातली उघडीप होती. ऊन पडलं होतं. वाघोबापाशी रस्त्यातच कुणीतरी नारळ फोडून ठेवला होता, म्हणून सर माथ्याच्या अलीकडे, चढावरच थांबले. मी सवयीने उतरलो. पडद्यावर न्यूट्रल. सरांनी हात जोडले. गाडी चढावर धरून ठेवायची सोय ती काही वेळापुरतीच असते, मग गाडी दोनदा पीं करते आणि सोडून देते. ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं. सरांचे डोळे मिटलेले होते. गाडी मागे सरकली आणि डावीकडे कलली. डावा पाय टेकलाय की नाही हे त्यांना कळणार कसं? ते गाडीसकट डाव्या अंगावर गेले, अगदी सावकाश, एखादं झाड निजावं तसे.

पाय तापलेल्या इंजिनाखाली होता. मी गाडी उचलायला गेलो. ती मला हलेना. रबर जळल्याचा वास आला, मग तो रबराचा राहिला नाही. मी ओरडत होतो, रस्त्याकडे बघत होतो. सर एका कोपरावर रेलून पडद्याकडे पाहत होते. तो अजून पेटलेला होता.

"घाई नको," ते मला म्हणाले. "न्यूट्रल आहे."

खालून टेम्पो आला, दोन माणसांनी हात लावला, गाडी पायावरून निघाली. सरांच्या चेहऱ्यावर वेदनेची एक रेघ नव्हती. मी तो चेहरा अजून विसरलेलो नाही. पायाकडे तर पाहिलंच नाही.

जखम भरली नाही. कल्याणला डावा पाय घोट्याच्या वरून काढला. मी भेटायला गेलो तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून होते. मुलगी बाहेर होती. सरांनी पांघरूण बाजूला करून मला उजवा पाय दाखवला. धडधाकट दिसत होता.

"याची बोटं गेली," ते म्हणाले. "कालपासून कळत नाहीत."

"डॉक्टरना सांगितलंत?"

"सांगितलं. ते त्यांचं करतील." त्यांनी पांघरूण पुन्हा पायावर ओढलं. "त्या दिवशी माझी सुटका झालीच नाही. पडद्यावर होती, वाघोबापाशी नव्हती. मला जुन्या गाडीवरून एकदा ने. नाहीतर हाही जाणार."

त्यांचा आवाज कधी हलत नसे. तेव्हा हलला. उजवा पाय गेला असता तर सर पुण्याच्या कुठल्यातरी मजल्यावरच्या पलंगावर उरले असते, आणि हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं.

आज सर मुलीकडे असतात. उजवा पाय शाबूत आहे, बोटांसकट. कुबडी घेऊन सोसायटीत फेऱ्या मारतात असं ती फोनवर सांगते. डॉक्टर श्रेय बदललेल्या गोळ्यांना देतात, मुलगी पथ्याला देते. दोघांचंही बरोबर असेल. माझाही कल तिकडेच आहे. पण त्या सकाळी गाडीवर मी होतो, म्हणून तेवढं सांगतो.

दिवाळीनंतरचा रविवार होता. सरांना मागे बसवलं, कुबडी त्यांनी भाल्यासारखी उभी धरली. कापराचा वास आता पाठीमागून येत होता. मी घाबरत, रस्त्याच्या कडेकडेने गेलो. किन्हवलीनंतर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला नाही. खिंडीत ऊन होतं, आवाज नव्हता. म्हातारी दगडाच्या पलीकडे बसली होती. आम्हाला बघून ती उठून उभी राहिली.

मी थांबलो. माथ्यावर, सपाटीला. गडबडीत गाडी दुसऱ्या गिअरमध्येच थांबवली होती, क्लच डाव्या हातात घट्ट दाबलेला. दिवा विझलेला. पायाने न्यूट्रल शोधला. गाडी खाली पहिल्यात गेली, वर दुसऱ्यात आली, मधली जागा सापडेना. पुन्हा केलं. पुन्हा दुसरा. इंजिन तापायला लागलं, पोटरी भरून आली.

"पाय काढ," सर म्हणाले. "मी बघतो."

मला वाटलं, ते कुबडीने काही करणार. मी पाय खाली टेकला. दोन्ही पाय जमिनीवर, रुंद फाकून, कारण मागे एका पायाचा माणूस होता. कुबडी आरशात दिसत होती, उभी, हललेली नव्हती. माझ्या मांडीला त्यांची डावी मांडी टेकलेली होती. ती ताठ झाली, थोडी पुढे आली, आणि गिअर चाचपणाऱ्या माणसाची होते तशी बारीक वरखाली झाली. खाली, माझ्या पायाजवळ, टक् असा ओळखीचा आवाज आला.

दिवा लागला.

"लागला," सर म्हणाले. "हात जोड."

मी आयुष्यात कुठल्या दगडासमोर हात जोडले नव्हते, पण अडचण ती नव्हती. हा दिवा मला माहीत होता. गाडी अजून दुसऱ्यातच असली, तर क्लच सुटताच ती उसळून आडवी होणार, आणि सरांकडे टेकायला एकच पाय. पायाने लिव्हर चाचपून खात्री करणं एवढंच माझ्या हातात होतं. मी खाली पाहिलंही. मग माझा पाय तिकडे न्यायचं धैर्य मला झालं नाही. तिथे जागा रिकामी असेल याची मला खात्री नव्हती.

मी क्लच सोडला आणि हात जोडले.

गाडी जागची हलली नाही. इंजिन एका लयीत चालत होतं, दिवा पेटलेला होता. मागे सरांनी लांब श्वास सोडला. मी हात जोडलेलेच ठेवले होते, कारण खाली आणले असते तर पुढचं काही करावं लागलं असतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

"टाक आता पहिला," ते म्हणाले. "मी पाय काढलाय."